भारतातील त्वचारोगशास्त्र

त्वचा, केस, नखे आणि श्लेष्मल आवरणे यांच्या विकारांचे निदान व उपचार करणाऱ्या वैद्यकशास्त्राच्या शाखेस त्वचारोगशास्त्र म्हणतात. भारतात ही शाखा गुप्तरोगशास्त्र आणि कुष्ठरोगशास्त्र यांना जोडून एकच विषय म्हणून शिकवली जाते. त्यामुळे येथील त्वचारोगतज्ज्ञ हा मुरुमांपासून कुष्ठरोगापर्यंत आणि केसगळतीपासून लैंगिक संसर्गापर्यंतच्या रोगांचा अधिकृत चिकित्सक असतो. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मुख्यतः शासकीय रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागांत वाढलेल्या या शाखेला एकविसाव्या शतकात लेसर व सौंदर्योपचारांमुळे नवे रूप आले. वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशात ती आज सर्वाधिक मागणी असलेल्या विषयांपैकी एक आहे. मात्र तज्ज्ञांची शहरांतील एकवट, औषध दुकानांतून परस्पर विकली जाणारी स्टेरॉइडयुक्त मलमे आणि त्वचेच्या रोगांना चिकटलेला सामाजिक कलंक हे प्रश्न अद्याप सुटलेले नाहीत.

नाव आणि व्याप्ती

'कुष्ठ' या शब्दाचा अर्थ काळानुसार बदलत गेला आहे. आयुर्वेदाच्या संहितांमध्ये ही संज्ञा अनेक त्वचाविकारांसाठी व्यापक अर्थाने येते. चरकसंहितेत सात महाकुष्ठे व अकरा क्षुद्रकुष्ठे असे अठरा प्रकार सांगितले असून त्यांत आज इसब, खरूज किंवा गजकर्ण म्हणून ओळखता येतील अशी लक्षणेही आढळतात. पुढे हा शब्द एका विशिष्ट जंतुजन्य रोगापुरता मर्यादित झाला. मराठीत त्यालाच महारोग असेही म्हटले जाई.

शब्दार्थाच्या या बदलाचे परिणाम रुग्णांना भोगावे लागले. त्वचेतील रंगपेशी नष्ट झाल्याने पांढरे डाग पडतात, त्या विकाराला मराठीत कोड म्हणतात. त्यासाठी 'श्वेतकुष्ठ' हा शब्द रूढ असल्यामुळे कोड हा कुष्ठरोगाचाच प्रकार आहे, असा गैरसमज पसरला. वस्तुतः कोड संसर्गजन्य नाही आणि त्याचा कुष्ठरोगाशी कोणताही संबंध नाही.

त्वचेची रचना व कार्य

त्वचा हे मानवी शरीराचे सर्वांत मोठे इंद्रिय मानले जाते. प्रौढ माणसात तिचे क्षेत्रफळ सुमारे १.५ ते २ चौरस मीटर असते. तिचे बाह्यत्वचा, अंतस्त्वचा आणि त्याखालील मेदयुक्त थर असे तीन भाग पडतात. बाह्यत्वचेच्या तळाशी तयार झालेल्या पेशी हळूहळू वर सरकत जातात, पृष्ठभागावर मृत होऊन गळून पडतात आणि त्यांची जागा नव्या पेशी घेतात. निरोगी त्वचेत हे चक्र साधारणतः चार आठवड्यांचे असते. सोरायसिसमध्ये ते काही दिवसांवर येते, म्हणून त्वचेवर चंदेरी पापुद्रे साचतात.

बाह्यत्वचेच्या तळथरातील रंगपेशी मेलॅनिन हे रंजकद्रव्य तयार करतात. गौरवर्णीय व कृष्णवर्णीय माणसांत या पेशींची संख्या जवळपास सारखीच असते. फरक असतो तो रंजकद्रव्याच्या प्रमाणात व प्रकारात. हे द्रव्य सूर्याच्या अतिनील किरणांपासून पेशींचे रक्षण करते. त्यामुळे सावळ्या त्वचेच्या लोकसंख्येत त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाण तुलनेने कमी आढळते. त्याच वेळी अशा त्वचेवर कोणताही दाह, जखम किंवा मुरुम बरा झाल्यावर काळा डाग दीर्घकाळ मागे राहतो. भारतीय रुग्णाची तक्रार अनेकदा मूळ रोगापेक्षा या डागाविषयी असते.

इतिहास

युरोपमध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीस त्वचारोगांचे शास्त्रीय वर्गीकरण सुरू झाले. इंग्लंडमधील रॉबर्ट विलन (१७५७–१८१२) यांनी पुरळ, फोड, पापुद्रा, गाठ अशा दृश्य लक्षणांच्या आधारे रोगांची विभागणी केली. पॅरिसचे सेंट लुई रुग्णालय आणि फर्डिनांड फॉन हेब्रा यांच्या नेतृत्वाखालील व्हिएन्नाची शाळा ही एकोणिसाव्या शतकातील प्रमुख केंद्रे होती. १८७३ मध्ये नॉर्वेतील बर्गेन येथे गेरहार्ड आर्मावर हान्सेन यांनी कुष्ठरोगाचा जंतू शोधला. कुष्ठरोग हा आनुवंशिक किंवा पापाचे फळ नसून संसर्गजन्य आहे, हे त्यातून पुढे सिद्ध होत गेले.

भारतात त्वचारोगशास्त्राची वाढ कुष्ठरोग व गुप्तरोग यांच्या उपचारकेंद्रांभोवती झाली. त्वचारोग, गुप्तरोग व कुष्ठरोगतज्ज्ञांची अखिल भारतीय संघटना १९७३ मध्ये सध्याच्या स्वरूपात आली. भारतीय संशोधकांनी या शास्त्रात महत्त्वाची भर घातली आहे. पेम्फिगस या शरीरावर फोड उठवणाऱ्या रोगात पूर्वी मृत्यूचे प्रमाण मोठे होते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. जे. एस. पसरिचा यांनी १९८० च्या दशकात त्यासाठी दरमहा ठरावीक दिवस शिरेतून औषधे देण्याची 'पल्स' पद्धत रूढ केली. याच दशकाच्या आरंभी कोलकात्यातील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी पश्चिम बंगालमधील ग्रामीण रुग्णांच्या तळव्यांवरील खडबडीत गाठी व अंगावरील ठिपक्यांचा संबंध कूपनलिकांच्या पाण्यातील आर्सेनिकशी जोडला. त्वचेच्या निदानातून सार्वजनिक पाणीपुरवठ्यातील विषबाधा उघडकीस आल्याचे हे महत्त्वाचे उदाहरण होय.

महाराष्ट्रातील गाजरगवताचे प्रकरणही याच प्रकारचे आहे. १९५० च्या दशकात पुणे परिसरात प्रथम लक्षात आलेले हे परदेशी तण पुढे देशभर पसरले. त्याच्या संपर्काने चेहरा, मान व हातांवर होणाऱ्या तीव्र त्वचादाहाचे वर्णन पुण्यातील रुग्णांच्या अभ्यासावरून १९७० च्या दशकात प्रसिद्ध झाले. शेतकरी व शेतमजूर यांना हा विकार विशेषत्वाने होतो.

कुष्ठरोग आणि महाराष्ट्र

कुष्ठरोगाच्या सेवाकार्यात महाराष्ट्राचे स्थान मोठे आहे. मुंबईत वडाळा येथील अ‍ॅकवर्थ कुष्ठरोग रुग्णालयाची स्थापना १८९० मध्ये झाली. मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठधाम सुरू केले. अमरावती येथे डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी तपोवन उभारले. व्यवसायाने वकील असलेल्या बाबा आमटे यांनी चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा येथे आनंदवन स्थापन करून रुग्णांना शेती व उद्योगांतून स्वावलंबी केले. १९५१ मध्ये वर्धा येथे स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानने सर्वेक्षण, लोकशिक्षण व उपचार या त्रिसूत्रीवर काम केले. रुग्णाला वसाहतीत आणण्याऐवजी उपचार त्याच्या गावी नेण्याची दिशा या त्रिसूत्रीने दाखवली.

१९८० च्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार रिफाम्पिसिन, डॅप्सोन व क्लोफाझिमिन यांची बहुविध औषधोपचार पद्धत आली. रोगाच्या प्रकारानुसार साधारणतः सहा किंवा बारा महिन्यांत रुग्ण पूर्ण बरा होतो. ही औषधे शासकीय आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळतात. दर दहा हजार लोकसंख्येमागे एकाहून कमी रुग्ण हे उद्दिष्ट भारताने राष्ट्रीय पातळीवर डिसेंबर २००५ मध्ये गाठले. तरीही देशात दरवर्षी सुमारे एक लाख नवे रुग्ण आढळतात आणि जगातील नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतातील असतात.

कुष्ठरोगाचा आरंभीचा चट्टा बहुधा दुखत नाही व खाजतही नाही. फिकट किंवा तांबूस रंगाच्या या चट्ट्यावर स्पर्शाची, उष्णतेची किंवा टोचण्याची जाणीव कमी झालेली असते. त्रास नसल्यामुळे रुग्ण डॉक्टरकडे उशिरा जातो. तोवर चेतातंतूंना इजा झाल्यास हातापायांत व डोळ्यांत कायमची विकृती येऊ शकते. बहुसंख्य लोकांमध्ये या जंतूविरुद्ध नैसर्गिक प्रतिकारशक्ती असते आणि उपचार सुरू झाल्यावर रुग्णाकडून संसर्ग होण्याची शक्यता लवकरच संपते.

समाजातील कलंक कायद्यांतही उमटला होता. निराधार कुष्ठरोग्यांना वेगळे ठेवण्याची तरतूद करणारा १८९८ चा कायदा स्वातंत्र्यानंतरही दीर्घकाळ अस्तित्वात होता. तो २०१६ मध्ये रद्द झाला. जोडीदाराला कुष्ठरोग असणे हे घटस्फोटाचे कारण मानणारी कलमे विविध वैयक्तिक कायद्यांतून २०१९ मध्ये वगळण्यात आली. तोवर हा रोग औषधाने बरा होऊ लागून तीन दशकांहून अधिक काळ लोटला होता.

सामान्यतः आढळणारे विकार

भारतीय बाह्यरुग्ण विभागांत बुरशीजन्य संसर्ग, खरूज, इसब, मुरुम, वांग, कोड, सोरायसिस, अंगावर पित्त उठणे, नागीण, चामखीळ, केसगळती व चाई हे विकार प्रामुख्याने आढळतात.

* खरूज : सूक्ष्म कोळीवर्गीय जीवामुळे होणारा हा रोग निकट सहवासातून पसरतो. रात्री वाढणारी खाज व घरातील अनेकांना एकाच वेळी होणारा त्रास ही त्याची खूण होय. खाज नसली तरी घरातील सर्वांनी एकाच वेळी औषध न लावल्यास रोग परत येतो. वसतिगृहे व आश्रमशाळांसारख्या सामूहिक निवासांत तो विशेष त्रासदायक ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये त्याचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांत केला.
* गजकर्ण (नायटा) : जांघा, कंबर व काखेत वर्तुळाकार, कडेला उंचावलेले व खाजणारे चट्टे उठतात. दमट हवा, घाम व घट्ट कपडे यांमुळे तो वाढतो.
* वांग : गाल, कपाळ व नाकावर येणारे तपकिरी डाग. ऊन, संप्रेरकांतील बदल व आनुवंशिकता ही त्याची प्रमुख कारणे असून गर्भारपणात तो अनेकदा उद्भवतो.
* संपर्कजन्य दाह : बिब्बा, गाजरगवत, सिमेंट, केसांचे कलप व कृत्रिम दागिन्यांतील निकेल यांमुळे होतो. चिकट टिकलीतील काही रसायनांमुळे कपाळावर पांढरा डागही पडू शकतो.

स्टेरॉइडयुक्त मलमांचा गैरवापर

त्वचेवर लावण्याच्या स्टेरॉइड औषधांचा उपयोग १९५२ पासून सुरू झाला. इसब, सोरायसिस यांसारख्या दाहजन्य विकारांत योग्य तीव्रतेचे मलम ठरावीक काळ वापरल्यास ते अत्यंत गुणकारी असते. भारतात मात्र तीव्र स्टेरॉइड, जंतुनाशक व बुरशीनाशक यांचे मिश्रण असलेली मलमे अल्प किमतीत सहज मिळत राहिली. 'खाजेचे मलम' किंवा 'गोरे होण्याचे मलम' म्हणून त्यांचा वापर वाढला.

गजकर्णावर स्टेरॉइड लावल्यास खाज तत्काळ थांबते आणि लाली ओसरते. परंतु स्थानिक प्रतिकार दबल्यामुळे बुरशी पसरत जाते आणि चट्ट्याचे मूळ रूप बदलून निदान अवघड होते. मलम थांबवताच खाज दुपटीने उसळते, म्हणून रुग्ण तेच मलम पुन्हा विकत घेतो. चेहऱ्यावर दीर्घकाळ वापर झाल्यास त्वचा पातळ व लाल होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरुम व अनावश्यक केस येतात आणि मलम सोडल्यावर असह्य जळजळ होते. ही अवस्था इतक्या मोठ्या प्रमाणावर दिसली की, भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी तिला 'स्टेरॉइडजन्य क्षतिग्रस्त चेहरा' अशा अर्थाचे स्वतंत्र नाव दिले.

दुसऱ्या दशकापासून देशात गजकर्णाची चिवट साथ पसरली. काही आठवड्यांत बरा होणारा रोग महिनोन्महिने टिकू लागला. यास कारणीभूत ठरलेल्या, टर्बिनाफिन या प्रमुख औषधाला अनेकदा दाद न देणाऱ्या बुरशीचे २०२० मध्ये स्वतंत्र प्रजाती म्हणून वर्णन झाले. तिच्या 'ट्रायकोफायटन इंडोटिनी' या नावात भारताचा निर्देश आहे. ही बुरशी पुढे इतर देशांतही आढळली. तिच्या प्रसारास स्टेरॉइडमिश्रित मलमांचा हातभार लागला असावा, असे अनेक तज्ज्ञांचे मत आहे.

त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या पाठपुराव्यानंतर केंद्र शासनाने २०१८ मध्ये नियम बदलून अनेक स्टेरॉइड मलमांची विक्री डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय करण्यास मनाई केली. नियमाची अंमलबजावणी सर्वत्र सारखी नाही. शेजाऱ्याने सुचवलेली किंवा जुन्या चिठ्ठीवरची ट्यूब वापरण्याची सवयही कायम आहे.

गौरवर्णाचे आकर्षण

गोरेपणाचे आश्वासन देणाऱ्या प्रसाधनांची भारतीय बाजारपेठ मोठी आहे. विवाहाच्या जाहिरातींतील वर्णाचे उल्लेख आणि चित्रपट-जाहिरातींतील प्रतिमा यांमुळे तिला बळ मिळाले. त्वचेचा मूळ वर्ण जनुकांनी ठरतो. उन्हाने आलेला काळसरपणा कमी होऊ शकतो, परंतु मूळ वर्ण सुरक्षितपणे व कायमचा पालटणारे मलम उपलब्ध नाही. काही बेकायदा प्रसाधनांत पारा असतो. तो मेलॅनिनची निर्मिती रोखतो, पण शरीरात शोषला जाऊन मूत्रपिंडांना इजा करतो. पाऱ्यासंबंधीच्या २०१३ च्या मिनामाता कराराने अशा प्रसाधनांच्या निर्मितीवर व व्यापारावर निर्बंध घातले. २०२० मध्ये काही उत्पादकांनी आपल्या उत्पादनांच्या नावांतून गोरेपणाचे शब्द वगळले.

शिक्षण

त्वचारोगतज्ज्ञ होण्यासाठी प्रथम एम.बी.बी.एस. ही पदवी आवश्यक असते. तिचा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा असून त्यानंतर एक वर्षाची आंतरवासिता असते. पुढे राष्ट्रीय पातळीवरील नीट-पीजी परीक्षेतून तीन वर्षांच्या एम.डी. किंवा डी.एन.बी. अभ्यासक्रमास अथवा दोन वर्षांच्या पदविकेस प्रवेश मिळतो. महाराष्ट्रातील वैद्यकीय महाविद्यालये मुख्यतः नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत.

एम.बी.बी.एस.च्या परीक्षेत त्वचारोगांची स्वतंत्र प्रश्नपत्रिका नसते. हा विषय सामान्य वैद्यकशास्त्राच्या अंतर्गत येतो. त्यामुळे खेड्यापाड्यांत त्वचेचा रुग्ण प्रथम ज्याच्याकडे जातो, त्या डॉक्टरला या विषयाचे प्रशिक्षण मर्यादितच मिळालेले असते.

कार्यक्षेत्रे

पूर्वी शासकीय सेवा, अध्यापन किंवा खाजगी दवाखाना एवढेच पर्याय या शाखेत असत. आता पुढील क्षेत्रे विकसित झाली आहेत.

* त्वचाशल्यचिकित्सा : गाठी व चामखीळ काढणे, नखांच्या शस्त्रक्रिया, केशरोपण, तसेच स्थिर झालेल्या कोडावर रुग्णाच्याच रंगपेशींचे रोपण.
* लेसर व सौंदर्योपचार : १९६० मध्ये लेसरचा शोध लागल्यानंतर काही वर्षांतच त्याचा त्वचेवर वापर सुरू झाला. सावळ्या त्वचेतील मेलॅनिन प्रकाश शोषून घेत असल्याने चुकीच्या तरंगलांबीमुळे भाजण्याचा व डाग पडण्याचा धोका असतो. म्हणून भारतीय त्वचेसाठी १०६४ नॅनोमीटरसारख्या दीर्घ तरंगलांबीचे लेसर तुलनेने सुरक्षित मानले जातात.
* त्वचाविकृतिशास्त्र : त्वचेचा लहान तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासून निदान करणे.
* बालत्वचारोगशास्त्र : जन्मजात व आनुवंशिक विकार, तसेच बालकांतील इसब.
* संपर्कजन्य व व्यवसायजन्य त्वचारोग : कारखाने, बांधकाम व शेती यांतील घटकांची पाठीवर पट्ट्या लावून केली जाणारी चाचणी.
* जैविक औषधोपचार : सोरायसिससारख्या रोगांत प्रतिकारयंत्रणेच्या विशिष्ट घटकावर काम करणारी इंजेक्शने. भारतात विकसित झालेले इटोलिझुमॅब हे औषध २०१३ मध्ये येथील बाजारात आले.
* सार्वजनिक आरोग्य व संशोधन : कुष्ठरोग, लैंगिक संसर्ग व औषधनिर्मिती.

वैद्यकीय पदवी नसलेल्यांसाठीही या क्षेत्राशी निगडित व्यवसाय आहेत. औषधनिर्माणशास्त्र व रसायनशास्त्राच्या पदवीधरांना प्रसाधनांची निर्मिती व सुरक्षा-चाचणी, परिचारिकांना जखमांची शुश्रूषा, भौतिकोपचारतज्ज्ञांना कुष्ठरोगातील विकृती-प्रतिबंध, तर सौंदर्यतज्ज्ञांना निरोगी त्वचेची निगा ही क्षेत्रे खुली आहेत. मात्र 'कॉस्मेटॉलॉजिस्ट' हे नाव लावणारी प्रत्येक व्यक्ती डॉक्टर असतेच असे नाही. अल्पमुदतीच्या प्रमाणपत्रावर केशरोपण व लेसरसारखे उपचार केल्याने गंभीर दुष्परिणाम झाल्याच्या घटनांनंतर राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये अशा शस्त्रक्रिया कोणी कराव्यात याविषयी मार्गदर्शक सूचना जारी केल्या.

असमतोल आणि आव्हाने

रात्रपाळी व तातडीचे रुग्ण कमी, उत्पन्न चांगले आणि वेळ आपल्या हाती, या कारणांनी गुणवत्ता यादीतील अनेक विद्यार्थी या शाखेकडे वळतात. बहुतेक तज्ज्ञ मोठ्या शहरांत स्थिरावतात. १४० कोटींच्या देशात त्यांची संख्या हजारांतच मोजावी लागते आणि अनेक तालुक्यांत एकही तज्ज्ञ नाही. सौंदर्योपचारांना आरोग्य विमा सहसा लागू नसतो. रुग्ण ते स्वखर्चाने घेतो, म्हणून खाजगी क्षेत्रातील गुंतवणूक तिकडे झुकते. याउलट खरूज, गजकर्ण व कुष्ठरोग हे प्रामुख्याने दाटीच्या वस्तीत राहणाऱ्या गरिबांचे रोग आहेत.

सौंदर्योपचार अनावश्यक असतात असे मात्र सरसकट म्हणता येत नाही. चेहऱ्यावरील कोड, मुरुमांचे व्रण किंवा भाजल्याच्या खुणा यांचा विवाह, नोकरी व आत्मविश्वास यांवर होणारा परिणाम तीव्र असू शकतो. त्यामुळे रोगोपचार व सौंदर्योपचार यांच्यातील सीमारेषा सदैव स्पष्ट नसते.

दूरवैद्यक व कृत्रिम बुद्धिमत्ता

त्वचेचे विकार डोळ्यांना दिसत असल्याने छायाचित्रावरून सल्ला देणे या शाखेत तुलनेने सोपे आहे. मार्च २०२० मध्ये केंद्र शासनाने दूरवैद्यकाचे नियम जाहीर केल्यानंतर आणि 'ई-संजीवनी' या शासकीय सेवेचा विस्तार झाल्यानंतर ग्रामीण रुग्णांना तज्ज्ञांचा सल्ला मिळण्याचा एक मार्ग खुला झाला. तथापि कुष्ठरोगाच्या चट्ट्यावरील बधिरपणा किंवा जाड झालेला चेतातंतू छायाचित्रात दिसत नाही. त्यासाठी प्रत्यक्ष स्पर्शाची तपासणीच करावी लागते.

छायाचित्रावरून निदान सुचवणाऱ्या संगणकीय प्रणालींचा विकास वेगाने होत आहे. त्यांना शिकवण्यासाठी वापरलेल्या प्रतिमांत गोऱ्या त्वचेचे प्राबल्य असल्याने सावळ्या त्वचेवर त्यांची अचूकता घटू शकते. पाठ्यपुस्तकांतही हीच उणीव आहे. गोऱ्या त्वचेवर लाल दिसणारा दाह सावळ्या त्वचेवर जांभळट, तपकिरी किंवा करडा दिसतो. भारतीय रुग्णांच्या प्रतिमांचे संमतीने केलेले व गोपनीयता राखणारे संकलन हे त्यामुळे या शाखेतील महत्त्वाचे काम मानले जाते.

दैनंदिन निगा

निरोगी त्वचेसाठी सौम्य साबण, आंघोळीनंतर लगेच लावलेले साधे तेल किंवा मलम, उन्हात टोपी, छत्री वा पूर्ण बाह्यांचे कपडे आणि घाम आल्यावर कोरडे कपडे एवढी निगा बहुतांशी पुरेशी असते. गजकर्ण झाल्यास रुग्णाचे टॉवेल व अंतर्वस्त्रे वेगळी धुऊन उन्हात वाळवावीत, असे सांगितले जाते. बधिर चट्टा, दोन आठवड्यांहून अधिक टिकणारी खाज, न भरणारी जखम, आकार किंवा रंग बदलणारा तीळ आणि औषध घेतल्यानंतर तापासह अंगावर किंवा तोंडात उठलेले फोड ही तज्ज्ञाकडे जाण्याची लक्षणे होत. यांपैकी शेवटचे लक्षण जीवघेणे ठरू शकत असल्याने त्यात विलंब न करता रुग्णालयात जाणे आवश्यक असते.